खुंट कोणाचा, डोळा कोणाचा?



पाऊस तोंडावर आला की पैठण तालुक्यात पाचोड, आडूळ, विहामांडवा या पट्ट्यातले शेतकरी मोसंबीची कलमं बघायला रोपवाटिकांच्या वाटेला लागतात. उन्हाळ्यात खोदलेले खड्डे तापून निघालेले असतात, शेणखत बांधावर येऊन पडलेलं असतं. कलम घेताना बहुतेकांचं लक्ष दोन गोष्टींकडं असतं: उंची किती आणि भाव किती. मला आज बोलायचंय ते तिसऱ्या गोष्टीबद्दल. ती गोष्ट म्हणजे कलमाचं मूळ. सहा मीटर बाय सहा मीटरवर लावलं तर एकरात ११० च्या आसपास झाडं बसतात आणि ती पुढची पंधरा-वीस वर्षं आपल्या पाण्यावर, आपल्या खतावर जगणार असतात. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग रोपवाटिकेतच ठरून गेलेला असतो.

मोसंबीचं कलम म्हणजे दोन वेगळी झाडं. जमिनीखालचं झाड खुंटाचं, म्हणजे रंगपूर लिंबाचं किंवा जंबेरीचं. वरचं झाड मोसंबीचं. खुंटाचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देतात. चांगल्या मोसंबीच्या फांदीवरून एक डोळा सालीसकट काढतात, त्या चिरेत सरकवतात आणि पट्टीनं बांधतात. सालीच्या लगेच खाली वाढत्या पेशींचा एक पातळ थर असतो. दोन्ही झाडांचे हे थर एकमेकांना भिडले की जोड धरतो, डोळा फुटतो आणि खुंटाचा वरचा भाग छाटून टाकला जातो. हिवाळ्याच्या तोंडाशी हे काम चालतं, कारण खुंटाची साल तेव्हा सहज सुटते.

एवढा खटाटोप कशासाठी? मोसंबीचं बी पेरलं तर झाड येत नाही का? येतं. पण ते बरीच वर्षं काटेरी राहतं, उंच वाढत जातं आणि फळाला सात-आठ वर्षं वाट बघायला लावतं. डोळा घेतला जातो तो वयात आलेल्या झाडावरून. ते वय डोळ्याबरोबर नव्या झाडात येतं, म्हणून कलमाला चौथ्या-पाचव्या वर्षी फळ धरता येतं.

आता यातली खरी मेख. मोसंबी आणि तिच्या कुळातली सगळी गोड संत्री पपनस आणि मँडरिन संत्रं यांच्या जुन्या संकरातून आलेली आहेत. त्यानंतर माणसानं ती मुख्यतः कलमानं वाढवली. जगभरातल्या गोड संत्र्यांच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या झाल्या त्या एखाद्या फांदीत अचानक झालेल्या बदलातून. त्यामुळं पाचोडच्या बाजारात लिलावाला येणारी सगळी मोसंबी जवळपास एकाच रक्ताची आहे. फळ सारखं मिळतं, चव सारखी मिळते, बाजाराला ते सोयीचं असतं. पण जो रोग एका झाडाला मारतो, त्याच्यापुढं दुसरंही झाड तितकंच उघडं पडतं. बागेत वाण बदलून सुटका होत नाही. वरचं झाड सारखंच आहे, तेव्हा निवडीला जागा उरते ती खुंटात आणि डोळ्याच्या निरोगीपणात.

आधी खुंटाकडं बघू. खुंटाची रोपं मात्र बियांपासून करतात, आणि इथं लिंबूवर्गीय झाडांची एक गंमत आहे. १७१९ मध्ये लेवेनहूक या डच सूक्ष्मदर्शककाराला संत्र्याच्या एकाच बीमध्ये दोन अंकुर दिसले. त्यातला एक अंकुर फुलातल्या परागसिंचनातून आलेला, म्हणजे आईबाप दोघांचा. दुसरा बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून तयार झालेला. त्याला बाप नाही, तो आईचा हुबेहूब वारस. अशा पेशींना न्यूसेलसच्या पेशी म्हणतात. त्या अंकुर कशा तयार करतात, हे पुढं एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ श्ट्रासबुर्गर यांनी उलगडलं. आपल्याकडं न्यूसेलर मोसंबी म्हणून जी कलमं मिळतात, त्यांचं मूळही अशाच अंकुरात आहे. विषाणू सहसा बीमधून पुढं जात नाहीत, त्यामुळं बियांच्या वाटेनं आलेलं असं झाड आईच्या जुन्या दुखण्यांतून मोकळं होऊन येतं.

रंगपूर आणि जंबेरीच्या बियांतून येणारी बहुतेक रोपं अशी आईसारखीच असतात. पण बहुतेक म्हणजे सगळी नव्हेत. वाफ्यात काही रोपं खुजी, काही वेगळ्या पानाची, काही वाकडीतिकडी दिसतात. ती बहुधा संकरातून आलेली असतात. चांगला रोपवाटिकावाला ती निर्दयपणे उपटून फेकतो. ज्याला एकेका रोपाचा लोभ सुटत नाही, तो त्यांच्यावरही डोळे बांधतो. मग चौथ्या वर्षी बागेत एका ओळीत एक झाड दांडगं आणि शेजारचं खुरटं दिसतं, आणि आपण खत कमी पडलं म्हणून खताच्या पोत्यांवर खर्च करत राहतो.

जंबेरी घ्यावी की रंगपूर? जंबेरीवरचं झाड सुरुवातीला जोमानं वाढतं, पण डिंक्या रोगाला ती लवकर बळी पडते. रंगपूर लिंबाचा खुंट पाण्याचा ताण चांगला सोसतो, चुनखडीच्या जमिनीत तुलनेनं तग धरतो आणि ट्रिस्टेझा या विषाणूलाही दाद देत नाही. १९३० नंतरच्या काळात ब्राझीलमध्ये आंबट संत्र्याच्या खुंटावरची झाडं याच ट्रिस्टेझानं लाखोंनी मेली. तिथल्या बागायतदारांनी मग हाच रंगपूर लिंबाचा खुंट धरला आणि त्यावर बागा पुन्हा उभ्या केल्या. पुढं जवळजवळ सगळा देश एकाच खुंटावर आला, आणि या शतकाच्या सुरुवातीला तिथं असा नवा रोग उद्भवला की तो नेमका रंगपूरवरच्या झाडांना अचानक मारू लागला. रंगपूर चांगलाच आहे, मराठवाड्यात शिफारसही त्याचीच होते. तरी कुठलाच खुंट कायमचा अजिंक्य नसतो, हे लक्षात असू द्यावं.

खुंट कितीही चांगला असला तरी त्याला जमीन मानवली पाहिजे. आपल्या तालुक्यात गोदाकाठची जमीन काळी, खोल आणि पाणी धरून ठेवणारी. जायकवाडीचे कालवे झाल्यापासून लाभक्षेत्रात पाणी मुबलक, आणि जिथं निचरा नाही तिथं ते मुळाशी साचतं. डिंक्या आणणारा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा जीव नेमका अशाच जागी फोफावतो. त्याचे बीजाणू शेपटीच्या आधारानं पाण्यात पोहतात आणि ओल्या मातीतून मुळापर्यंत, खोडापर्यंत जातात. साल तडकते, डिंक पाझरतो, आणि खोडाभोवतीची साल पुरती कुजली की वरचं झाड उपाशी मरतं. म्हणून काळ्या खोल रानापेक्षा मध्यम खोलीची, खाली मुरूम असलेली, निचऱ्याची जमीन मोसंबीला भावते.

या रोगावर निम्मा इलाज लागवडीच्या दिवशीच होतो. डोळ्याचा जोड जमिनीपासून वीतभर तरी वर राहिला पाहिजे. जोड मातीत गेला की मोसंबीची नाजूक साल थेट रोगाच्या तोंडी जाते आणि खुंटाचा उपयोगच संपतो. पाणी खोडाला लागू नये म्हणून दुहेरी आळं करावं: आतल्या गोलात खोड कोरडं, बाहेरच्या गोलात पाणी. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी घ्यावं. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावेत. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवू नये, ते भांडं खातं.

आता डोळा. बोटाच्या पेरापेक्षा लहान असा हा सालीचा तुकडा मातृवृक्षाचे गुण आणतो, तसेच त्याचे रोगही आणतो. ट्रिस्टेझा डोळ्यातून येतो, ग्रीनिंगही येतं. एका आजारी मातृवृक्षावरून शेकडो डोळे काढले, तर तितकी आजारी कलमं तितक्याच बागांत पोचतात. पहिली दोन-तीन वर्षं ती हिरवीगार दिसतात, म्हणून विकत घेणाऱ्याला काही कळत नाही.

ग्रीनिंग हा जिवाणूंचा रोग. तो पानाफळांत अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांत राहतो. सिट्रस सायला नावाचा बारीक किडा कोवळ्या फुटीतला रस पिताना तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. भारतात हा किडाच या रोगाचा वाहक आहे, हे पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलं. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये हा रोग २००५ मध्ये सापडला. त्याआधी २००३-०४ च्या हंगामात तिथं संत्र्याच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये त्या दीड कोटीच्या आसपास आल्या. यात वादळांचाही वाटा होता, पण मूळ दुखणं ग्रीनिंगचंच. पैसा, संशोधन, यंत्रं सगळं असलेल्या प्रदेशाची ही गत झाली. रोगी झाड बरं करणारं खात्रीचं औषध अजून नाही.

हा रोग ओळखायचा कसा? जस्त कमी पडलं तरी पानं पिवळी होतात, पण ते पिवळेपण मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखं असतं. ग्रीनिंगमध्ये पानाचा एक भाग हिरवा आणि एक पिवळा असे बेढब डाग पडतात. फळ एका अंगाला वाकतं, बी खुरटतं, पिकूनही खालचं टोक हिरवं राहतं. अशी फांदी दिसली की फवारणीवर विसंबून बसू नये, तज्ज्ञाला दाखवावी. आणि अशा झाडावरून डोळे तर मुळीच देऊ नयेत.

पैठण गावात राहणाऱ्या, शेती नसलेल्या श्रोत्यांचाही इथं संबंध येतो. सायला परसातल्या कढीपत्त्यावर आणि कुंपणाच्या कामिनीवरही वाढते. बागेच्या कडेला ही झाडं असतील तर नव्या फुटीवर नजर ठेवा. घरी कागदी लिंबाचं झाड हवं असेल, तर मात्र कलमाच्या मागं लागायची गरज नाही. रसरशीत फळाचं ताजं बी पेरा, एका बीतून दोन-तीन अंकुर येतील. त्यातला जोमदार ठेवा, तो बहुधा आईवरच गेलेला असतो. फळाला चार-पाच वर्षं थांबावं लागेल एवढंच. पावसाळ्यात कोवळ्या पानांत नागअळीच्या चंदेरी रेघा दिसल्या तर ती पानं खुडून टाका, कारण त्या जखमांतून खैऱ्या रोग आत शिरतो.

पुन्हा बागेकडं येऊ. मोसंबीला बहार धरायचा तर ताण द्यावा लागतो. आपल्याकडं थंडी फारशी कडक पडत नाही, म्हणून पाणी तोडून झाडाची वाढ थांबवावी लागते. हलक्या रानात महिना-सव्वा महिना, भारी रानात दोन महिन्यांपर्यंत. मग हलकं आंबवणीचं पाणी, त्यानंतर चिंबवणीचं, आणि झाड फुलांनी लगडतं. त्या फुलांपैकी शंभरात एक-दोनच फळं शेवटपर्यंत टिकतात, बाकीची गळ झाडाच्या हिशेबातलीच असते. पण ताण सोसायला मुळं धड असावी लागतात. कुजक्या मुळांच्या झाडाला ताण दिला तर ते फुलण्याऐवजी शेंड्याकडून वाळत येतं. २०१२-१३ च्या दुष्काळात छत्रपती संभाजीनगर आणि जालना या जिल्ह्यांत किती बागांवर कुऱ्हाड चालली, ते अनेकांनी डोळ्यांनी पाहिलंय. दुष्काळ कोणाच्या हातात नाही. पण कोणत्या मुळांवर आपण त्याला तोंड देणार, हे मात्र लागवडीच्या वेळी आपल्याच हातात असतं.

तर रोपवाटिकेत काय बघायचं? गाय घेताना तिची आई किती दूध द्यायची हे आपण विचारतो, तसंच इथं विचारा: डोळे कोणत्या मातृवृक्षांवरून आणले? ती झाडं दाखवता येतील का? खुंट कोणता? जोड किती उंचीवर आहे? एखादी पिशवी फाडून दाखवा म्हणा. मुळं पांढरी, ताजी दिसली पाहिजेत, तपकिरी आणि सालपट सुटलेली नकोत. रोपं जमिनीवर चिखलात ठेवलीत की उंच वाफ्यावर, जाळीच्या आत की उघड्यावर, हेही पाहा. पावती घ्या आणि तिच्यावर खुंटाचं नाव लिहून घ्या. बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रातून माहिती मिळते, नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था शेंड्याच्या अगदी सूक्ष्म टोकाचं कलम करून रोगमुक्त रोपं तयार करते. आपल्या पैठणजवळ इसारवाडीलाही मोसंबीसाठी सिट्रस इस्टेट उभारण्याचा निर्णय राज्य सरकारनं घेतला आहे.

काही शेतकरी म्हणतात, एवढं विचारलं तर रोपवाटिकावाला वैतागतो. एकानं विचारलं तर वैतागेल. पण गावातल्या दहा जणांनी मिळून एकच गाडी भरायची ठरवली आणि दहाही जणांनी मातृवृक्ष दाखवा म्हटलं, तर पुढच्या हंगामात तो मातृवृक्ष जोपासेल, कारण त्याशिवाय त्याचा माल खपणार नाही. स्वस्त कलमानं वाचवलेले पैसे लागवडीच्या दिवशी लगेच मोजता येतात. नुकसान मात्र पाच-सहा वर्षांनी समोर येतं आणि तेव्हा कोणाला जाब विचारायचा तेही आठवत नाही. म्हणून विचारायचं ते आत्ताच विचारा, आणि ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून कलम घेऊ नका.