उष्टावणानंतरचे घांस



आमच्या महाड-पोलादपूरकडे मुलाचें उष्टावण म्हणजे घरांतला एक लहानसा समारंभच असतो. सहाव्या-आठव्या महिन्यांत बरा दिवस पाहून मामा येतो, पाटावर बसून भाच्याला मांडीवर घेतो, आणि चांदीच्या वाटींतील तांदळाची खीर त्याच्या जिभेला लावतो. मूल तोंड वेडेंवांकडें करतें, बायका हंसतात आणि मंडळी पानावर बसतात. त्या दिवसाविषयीं मला कांहीं बोलावयाचें नाहीं. मला बोलावयाचें आहे तें दुसऱ्या दिवसापासून पुढच्या वर्षभराविषयीं. कारण त्या वर्षांत मुलाच्या वाटींत काय पडतें याकडे, निदान आमच्या घरीं तरी, कोणीं नीट पाहिलें नव्हतें.

एका मास्तरानें स्वयंपाकघरांत कशाला शिरावें, असें कोणी विचारील. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला प्राथमिक शाळेचा शिक्षक. वैद्य नव्हे कीं डॉक्टर नव्हे. पण "दूध हें पूर्णान्न आहे" हें वाक्य मीं तीसांवर वर्षें फळ्यावर लिहून मुलांकडून वहींत उतरवून घेतलें, आणि तेंच वाक्य अखेरीस माझ्या नातीला भोंवलें. म्हणून हा अधिकार.

नात दहा महिन्यांची होती. घरची म्हैस दूध देत होती. मूल भात थुंकून टाकतें, तर हट्ट कां करावा, दूध द्या, असा माझा हुकूम असे. दिवसाकाठीं लिटरभर दूध पोटांत जात असे आणि मूल गुबगुबीतहि दिसे. पण तें गुबगुबीतपण पांढरट होतें. पुढें ती अंगणांतील माती चाखूं लागली, आणि भिंतीचे पोपडे जिभेनें चाटूं लागली. घरांतून सुचविण्यांत आलें, "अहो, एकदां दाखवून तरी आणा." मी म्हटलें, दांत येत आहेत, दुसरें कांहीं नाहीं. शेवटीं सूनबाईनेंच तिला दवाखान्यांत नेलें आणि मला बरोबर यावें लागलें. डॉक्टरांनीं मुलीच्या डोळ्याची खालची पापणी बोटानें खालीं ओढून पाहिली, बोटाचें रक्त तपासलें आणि मला विचारलें, "गुरुजी, दूध किती देतां?" मीं अभिमानानें सांगितलें. ते म्हणाले, "मग दुसरें कांहीं खायला तिच्या पोटांत जागा कोठें उरते?" रक्तांतील हिमोग्लोबिन आठाच्याहि खालीं होतें. त्या वयाला तें निदान साडेदहा-अकरा असावें लागतें.

त्या दिवसानंतर या विषयावर जें मिळेल तें मीं वाचलें, कळलें नाहीं तें विचारून घेतलें. त्याचा सारांश असा. मूल आईच्या पोटांत असतांना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, लोहाची शिदोरी बरोबर घेऊन येतें. जन्मतांच नाळ बांधण्याची घाई न करतां एक ते तीन मिनिटें थांबलें, तर त्या शिदोरींत आणखी भर पडते. पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या मुलाला ही शिदोरी सुमारें सहा महिने पुरते. अपुऱ्या दिवसांच्या मुलाची लवकर संपते. आईच्या दुधांत लिटरास अर्धा मिलिग्रॅमहि लोह नसतें. पण जें असतें तें चांगलें अंगीं लागतें, म्हणून सहा महिने केवळ अंगावरचें दूध हेंच योग्य, आणि पुढेंहि तें दोन वर्षांपर्यंत चालूं ठेवावें. गाई-म्हशीच्या दुधाची गोष्ट निराळी. त्यांत लोह नांवापुरतें, आणि त्यांतील चुना व प्रथिनें इतर अन्नांतील लोहालाहि अडवितात. कांहीं तान्ह्या मुलांच्या आंतड्यांतून या दुधानें नकळत थोडें रक्तहि झिरपतें. म्हणून वर्षाच्या आंत वरचें दूध हें मुलाचें मुख्य पेय असतां कामा नये. माझ्या फळ्यावरचें वाक्य असें पुसलें गेलें.

हें केवळ आमच्याच घरचें रडगाणें असतें तर मी आपला वेळ घेतला नसता. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील सहा महिने ते पांच वर्षें या वयाच्या मुलांपैकीं शेंकडा ६८.९ मुलें रक्तक्षयी आढळलीं; त्यापूर्वीं २०१५-१६ मध्यें हाच आंकडा ५३.८ होता. हें दारिद्र्याचें आणि खेड्यापाड्यांचें दुखणें आहे, असें समजून शहरवासीयांनीं निर्धास्त राहूं नये. त्याच पाहणींत सबंध देशांत खेड्यांतील प्रमाण शेंकडा ६८.३ आणि शहरांतील ६४.२ निघालें, चार टक्क्यांचा काय तो फरक. माझ्या वर्गांत मागच्या बांकावर पेंगणाऱ्या, अक्षर ध्यानांत न राहणाऱ्या मुलांना मीं आळशी म्हणून पुष्कळदां बोल लावला आहे. पहिल्या दोन वर्षांतील लोहाची उणीव मेंदूच्या वाढीला बाधते, हें कळल्यापासून त्यांतलीं कांहीं तोंडें मला आठवतात.

आतां स्वयंपाकाकडे वळतों. पोलादपूरच्या डोंगरउतारांवरील वरकस जमिनींत नाचणी आणि वरी पिकते, खालच्या खाचरांत भात होतें. डोंगरांतल्या घरांतील कर्तीं माणसें मुंबईस, आणि त्यांच्या मागोमाग एस. टी. च्या गाडींतून नाचणीची पिशवी. त्यामुळें नाचणीविषयीं आम्हांला अभिमान आहे, आणि तो अस्थानीं नाहीं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणें १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ४.६ मिलिग्रॅम लोह असतें. सडलेल्या पांढऱ्या तांदळांत एक मिलिग्रॅमहि नसतें. परंतु नाचणीचा खरा मान चुन्याबद्दल आहे. लोहाच्या बाबतींत बाजरी तिच्या पुढें, मसूर तिच्या पुढें आणि आमचा कुळीथ तर दुपटीच्या जवळपास. तेव्हां सकाळीं नाचणीची पेज दिली म्हणजे दिवसाचें कर्तव्य संपलें, असें मानूं नये.

शिवाय नाचणींतलें लोह सहजासहजीं हातीं लागत नाहीं. दाण्यांतील कांहीं द्रव्यें त्याला धरून ठेवतात. त्यांची पकड सैल करण्याची युक्ति आपल्या आज्यांना ठाऊक होती: मोड आणणें. नाचणी रात्रीं भिजत घालावी, सकाळीं उपसून फडक्यांत बांधावी, मोड आले कीं वाळवावी, मंद भाजून दळावी आणि साध्या चाळणीनें चाळावी. येथें एक घोटाळा होतो. सत्त्व या नांवाखालीं कित्येक घरीं भिजलेली नाचणी वाटून, वस्त्रगाळ करून, तळाशीं बसलेला पांढरा साका तेवढा घेतात आणि चोथा गाईला घालतात. तें सत्त्व पचायला हलकें खरें, पण त्यांत पिष्टच फार. लोहाचा मोठा वांटा गाईच्या वांट्याला जातो. मोडाचें सबंध पीठ हेंच या कामीं चांगलें.

याहूनहि महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुलाचा वेगळा स्वयंपाक करूंच नये. वेगळा स्वयंपाक चार दिवस उत्साहानें होतो, पांचव्या दिवशीं बिस्किटाचा पुडा फुटतो. आमच्या घरीं आतां पद्धत अशी आहे. मसुराची किंवा मुगाची डाळ हळद घालून सर्वांसाठीं एकाच पातेल्यांत शिजते. तींतच माठाची मूठभर कोंवळी पानें अगदीं बारीक चिरून पडतात; श्रावणांत, गोकुळाष्टमीच्या सुमारास, शेवग्याचा पाला असतो. डाळ गळली, पाला गळला, कीं मीठ-तिखट पडण्यापूर्वीं दोन पळ्या मुलाच्या वाटींत काढून ठेवावयाच्या, आणि मगच आमच्या आमटीला फोडणी. त्या दोन पळ्यांत मऊ भात कालवून, बोटांनीं मुरडून, वर चमचाभर तूप किंवा तेल, आणि खालीं उतरल्यावर लिंबाचे चार थेंब. हे चार थेंब शोभेसाठीं नाहींत. लिंबांतील क जीवनसत्त्व वनस्पतींतल्या लोहाला शरीरांत शिरावयास हात देतें, आणि तें उकळल्यानें नासतें, म्हणून शेवटीं पिळावयाचें. आंवळा, पिकलेला पेरू यांचाहि तोच गुण. आमसुलाचा आंबटपणा चवीला उत्तम; पण या कामीं तें लिंबाची बरोबरी करीत नाहीं, असें एका कोंकण्यानें कबूल करणें भाग आहे.

कुळथाचें पिठलेंहि याच रीतीनें. कुळथाला मोड आणून, वाळवून, भाजून पीठ करून ठेवावें. सर्वांच्या पिठल्याला मिरची पडण्यापूर्वीं मुलाचें काढून घ्यावें. आठवा महिना लागल्यावर चमचा-दोन चमच्यांनीं सुरुवात करावी, कारण हें धान्य कांहीं पोटांना जड जातें.

पालकाची कीर्ति त्याच्या गुणांहून मोठी आहे. त्यांतील लोह फारसें अंगीं लागत नाहीं. गुळाचेंहि तसेंच. गुळांत लोह असतें हें खरें; पण मुलाला पुरेल इतकें लोह गुळांतून द्यावयाचें तर ढेपच पुढें ठेवावी लागेल. दोन वर्षांपर्यंत साखर-गुळाची गोडी न लावणें बरें. आणि मध, मग तो महाबळेश्वरचा कां असेना, वर्षाच्या आंत मुळींच चाटवूं नये; त्यांतून क्वचित् होणारी विषबाधा तान्ह्या मुलाच्या जिवावर बेतते.

मांसाहारी घरांचें काम सोपें आहे. मांस, कोंबडी, मासळी यांतील लोह वनस्पतींतल्यापेक्षां पुष्कळ सहज अंगीं लागतें, आणि त्याच पानांतील डाळ-पाल्याच्या लोहालाहि ओढून घेतें. कोंबडीची कलेजी पूर्ण शिजवून, कुसकरून, आठवड्यांतून एकदां भातांत कालवली तर पुरे. तींत अ जीवनसत्त्वहि भरपूर असल्यामुळें याहून अधिक वेळां नको. दासगांवच्या खाडीची मासळी आमच्या बाजारांत येते. पण तिचा कांटा काढणाऱ्यानें चष्मा लावून बसावें. सुकट मात्र मुलासाठीं टाळावी. तींत मीठ फार, आणि वर्षाच्या आंतील मुलाला वरून मीठ लागतच नाहीं. शेंगदाणे अख्खे कधींहि देऊं नयेत, कूट करून द्यावेत.

पेज पातळ असावी, हाहि एक गैरसमज. पातळ पेजेनें पोट भरतें, मूल भरत नाहीं. चमचा कलता केला तरी घांस चटकन ओघळूं नये, इतका दाटपणा हवा. सुरुवातीला दोन-तीन चमचे. आठ महिन्यांच्या सुमारास अर्धी वाटी, दिवसांतून दोन-तीन वेळां. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळां. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी.

आतां चहा. महाडच्या बाजारपेठेपासून मुंबईच्या चाळीपर्यंत मीं हें दृश्य पाहिलें आहे: आजोबा बशींत चहा ओततात, त्यांत बटर किंवा बिस्किट बुडवितात आणि मांडीवरच्या नातवाला भरवितात. नातू मिटक्या मारतो, आजोबा धन्य होतात. चहा अन्नांतल्या लोहाला असा धरून बसतो, कीं डाळ, पाला, लिंबू यांची केलेली सारी खटपट त्या बशींत बुडते. मी हें सांगतों तें मीहि त्या बशीचा अपराधी होतों म्हणून. मुलाला चहा नकोच. आणि गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या आईनेंहि जेवणाला लागून घेऊं नये, तास-दीड तास जाऊं द्यावा.

माळ्यावर टाकलेली लोखंडी कढई आमच्या घरीं पुन्हां खालीं आली आहे. इथियोपियांत लहान मुलांच्या घरीं लोखंडी भांडीं देऊन केलेला एक प्रयोग १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांत शिजविणाऱ्या घरांतील मुलांपेक्षां या मुलांचें रक्त अधिक सुधारलें होतें. कढई घांसून, कोरडी पुसून, तेलाचा हात लावून ठेवावी, आणि भाजी शिजतांच दुसऱ्या भांड्यांत काढावी. आंबट पदार्थ तींत ठेवला तर काळा पडतो आणि मुलें तोंड फिरवितात.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हें सारें अन्न रक्तक्षय होऊं नये म्हणून आहे. एकदां तो झाल्यावर नुसत्या आमटीनें भागत नाहीं, औषध लागतें. २०१८ सालीं सुरूं झालेल्या 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' या योजनेप्रमाणें सहा महिने ते पांच वर्षांच्या मुलांना आठवड्यांतून दोन वेळां एक मिलिलिटर लोहाचें सिरप द्यावयाचें असतें. त्यांत २० मिलिग्रॅम लोह असतें. आशाताईंना किंवा अंगणवाडींत विचारावें. पण फिकट दिसणाऱ्या प्रत्येक मुलाचें दुखणें लोहाचेंच असतें असें नाहीं. रक्ताचे कांहीं आजार आनुवंशिकहि असतात. म्हणून आधीं तपासणी, मग औषध. आणि ती बाटली मुलाच्या हातीं लागणार नाहीं अशा उंचीवर ठेवावी, कारण अधिक मात्रा पोटांत गेल्यास तें विष आहे.

आमच्या नातीला औषध तीन महिने द्यावें लागलें. पहिल्या महिन्यांतच माती सुटली. दूध कमी केल्यावर आठ दिवस तिनें घर डोक्यावर घेतलें, आणि माझा धीर दोनदां सुटला. सूनबाईचा सुटला नाहीं. आतां आमटीला फोडणी बसली कीं ती स्वतःची वाटी घेऊन चुलीपाशीं येते, आणि तिची आजी माझ्याकडे पाहून विचारते, "काय हो गुरुजी, लिंबू आणलेंत कां?"