पॅकेज सांगू नका, हातात किती येतात ते सांगा



मला विषय दिलाय ‘पदवीनंतरचं करिअर’. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी एका कारखान्यात पगारपत्रकं करतो, म्हणून मी पगारावरच बोलणार.

ऑगस्ट २०२४ मध्ये कॉग्निझंट कंपनी पदवीधरांना वर्षाला २ लाख ५२ हजार देतेय, अशी बातमी आली आणि सोशल मीडियावर कंपनीची यथेच्छ टर उडाली. मग कंपनीने खुलासा केला. हे पॅकेज इंजिनिअरिंग सोडून तीन वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी आहे, इंजिनिअरना ४ ते १२ लाख आहेत. मला हा खुलासा बातमीपेक्षा महत्त्वाचा वाटला. इथे बसलेले बहुतेक बीए, बीकॉम, बीएस्सी, बीसीए. म्हणजे लोक ज्या आकड्याला हसले, तो आपलाच आकडा होता.

२ लाख ५२ हजार म्हणजे महिना २१ हजार. घरी तसंच सांगितलं जातं, लग्नाच्या बायोडाटात तर नक्कीच. आता उदाहरणादाखल मूळ पगार, म्हणजे बेसिक, साडेदहा हजार धरू. त्यावर १२ टक्क्यांनी कंपनीचा पीएफ १,२६० आणि तुमचाही १,२६०. कंपनीचा हिस्साही पॅकेजमध्येच मोजलेला असतो, हे लक्षात ठेवा. ग्रॅच्युइटीचे सुमारे ५०० असेच मोजलेले, आणि ते साधारणपणे पाच वर्षं टिकलात तरच मिळणार. पगार २१ हजारांच्या आत असल्याने ईएसआय लागतो, दोन्ही हिस्से मिळून साडेसातशेच्या आसपास. व्यवसाय कर २००. खात्यात उरले सुमारे १७ हजार. (महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही. कापला असेल तर बहिणींनी विचारायचं.)

कापलेलं सगळं वाया गेलं असं मात्र नाही. पीएफ तुमचा आहे. नोकरी बदलली तरी यूएएन तोच ठेवा, दर वेळी पैसे काढून मोबाइल घेऊ नका. ईएसआयमधून तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांवरही उपचार होऊ शकतात. आपल्याकडे हे कार्ड महिनोन्महिने पाकिटात पडून असतं आणि अम्मीचं डायलिसिस उसनवारीवर चालतं.

अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात पंचविशीच्या आतल्या पदवीधरांमधली बेरोजगारी ४२ टक्क्यांवर होती, पस्तिशीनंतर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. मला यात दिलासा कमीच दिसतो. मधल्या दहा वर्षांत किती जणांनी मिळेल ते काम धरलं, हे त्या ५ टक्क्यांत दिसत नाही.

शिवाय आपल्या नावाचा प्रश्न आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश. हे आपल्या पोरांना अभ्यास न वाचताही माहीत असतं. म्हणून पहिली ऑफर आली की ती हातची जाईल या भीतीने कोणी काही विचारत नाही, सही करून मोकळे होतात. मी टेबलाच्या पलीकडे बसतो, मला ते दिसतं. बेसिक किती, व्हेरिएबल किती, बाँड आहे का, एवढं विचारल्याने आमच्याकडे तरी कोणाची नोकरी गेलेली मी पाहिली नाही. आणि मूळ प्रमाणपत्रं कोणाकडेही ठेवायची नाहीत. दाखवायची आणि परत घ्यायची.

आता बहिणींविषयी. १७ हजारांत पुण्यात कॉटबेसिस, मेसचा डबा आणि बसपास काढला की निम्मा पगार गेला. मग घरातले म्हणतात, एवढ्यासाठी पोरीला लांब कशाला पाठवायची? मुलाच्या वेळी हा हिशोब कोणी मांडत नाही. त्याला ‘शिकतोय, पुढे वाढेल’ म्हणतात. पुढची कंपनी मागते ती अनुभवाचं पत्र आणि मागच्या पगाराच्या पावत्या. त्या तिच्याकडे नसतील तर तीन वर्षांनी तीही पुन्हा १७ हजारांवरच उभी राहते. घरातून बाहेर पाठवायला खरोखर अडचण असेल तर जवळच्या एमआयडीसीत अप्रेंटिसशिप बघा. २०१९ च्या नियमांत पदवीधराला किमान ९,००० विद्यावेतन ठरलं होतं. ती नोकरी नव्हे, पीएफ नाही, पण सरकारी प्रमाणपत्र मिळतं. फुकटात सहा महिने राबवून घेणाऱ्या ‘इंटर्नशिप’पेक्षा ती मला कितीतरी बरी वाटते.

बाकी प्रश्न समोरासमोर घेऊ. मी चहाच्या टेबलाजवळ थांबतो. ज्यांच्याकडे ऑफर लेटर आहे त्यांनी ते मोबाइलवर उघडून ठेवा, पगाराच्या तक्त्याचं पान आधी काढा.