निसर्गवाचन आणि विद्यार्थ्याची वही

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



निसर्गविषयक लेखन वाचून विद्यार्थ्याच्या मनात काय उमटते, याची चर्चा राजकीय अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांना पडेल. फुलापाखरांचे कौतुक हा भरल्या पोटाचा विरंगुळा आहे, ही समजूत डाव्या चळवळीत जुनी आहे. ती तपासून पाहण्याची वेळ केव्हाच येऊन गेली.

पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांतून सक्तीने शिकवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. विषय सक्तीचा झाला, पण विद्यार्थ्याचा प्रतिसाद साच्यातलाच राहिला. निसर्गाचे रक्षण करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, असे तो प्रकल्पाच्या वहीत लिहितो. हा ‘प्रत्येक’ म्हणजे कोण? ज्याच्या कारखान्याचे सांडपाणी नदीत जाते तो मालक आणि त्याच नदीवर धुणे धुणारी मजूर स्त्री, दोघेही या एका शब्दात एकाच मापाने मोजले जातात. विद्यार्थ्याला गुण मिळतात, आणि खरा प्रश्न बुजून जातो.

साच्यातून सुटण्याची पहिली पायरी म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ही दृष्टी लाभते. मराठी महिन्यांच्या क्रमाने निसर्ग न्याहाळणारे ते पुस्तक मिटल्यावर रस्त्याकडेचे रोजचेच झाड त्याला नव्याने दिसू लागते. याच दुर्गाबाईंनी आणीबाणीत, १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष असताना, दडपशाहीविरुद्ध आवाज उठवला आणि १९७६ साली तुरुंगवास पत्करला. निसर्गात रमणारा माणूस समाजाकडे पाठ फिरवतो, या आक्षेपाला यापेक्षा वेगळे उत्तर नको.

दुर्गाबाईंनी मराठीत आणलेला थोरोचा ‘वॉल्डन’ हा १८५४ सालचा ग्रंथ दुसरी पायरी दाखवतो. त्यातील पहिलेच प्रकरण अर्थव्यवहाराचे आहे. झोपडी बांधण्यास लागलेला पैन् पै खर्च थोरो मांडतो, आणि कोणत्याही वस्तूची किंमत तिच्यासाठी खर्ची पडणाऱ्या आयुष्यात मोजतो. हा हिशेब कळलेला विद्यार्थी पुढे विचारू लागतो: स्वस्त मालासाठी आयुष्य कोणाचे खर्ची पडले? रेचल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ने १९६२ साली कीटकनाशकांचे दुष्परिणाम जगापुढे मांडले. ते पुस्तक वाचून मुक्या झालेल्या पाखरांसाठी हळहळणाऱ्या मनाने १९८४ च्या भोपाळपर्यंत गेले पाहिजे. तेथील वायूकांडही कीटकनाशकांच्याच कारखान्यात घडले, आणि त्याचा सर्वांत मोठा घाव कारखान्यालगतच्या गरीब वस्त्यांवर पडला.

तिसरी पायरी महाराष्ट्राच्या मातीतलीच आहे. इंग्रज सरकारने १८७८ साली वनकायदा केला. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, गायराने गिळणाऱ्या जंगलखात्यावर घणाघाती टीका आहे. आणि शेताची माती वाहून जाऊ नये म्हणून बांधबंदिस्तीचा विचारही आहे. माती, कुरण आणि न्याय हे तिन्ही विषय तेथे एकत्र येतात. तरीही पर्यावरणाच्या वाचनयादीत या ग्रंथाचे नाव क्वचितच आढळते.

पर्यावरण की रोजगार, असा पेच नेहमी उभा केला जातो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने त्याला कृतीने उत्तर दिले. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. जंगल राखण्याची जबाबदारी आणि त्यातून मिळणारे उत्पन्न, दोन्ही एकाच सभेकडे आली.

तेव्हा शाखांनी विद्यार्थ्यांसाठी वाचनमंडळे चालवावीत. वाचलेल्या पुस्तकाविषयी विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत लिहावे. त्यासोबत आपल्या गावच्या ओढ्याची, गायरानाची वा विहिरीची नोंद ठेवावी: पूर्वी ते कोणाच्या उपयोगी पडत होते, आज कोणाच्या ताब्यात आहे, आणि हा बदल कोणाच्या सहीने झाला? ही वही शाखेच्या मासिक बैठकीत वाचली जावी. तिच्यातून निघणारे प्रश्न ग्रामसभेपुढे नेणे हे मग कार्यकर्त्यांचे काम.