कारखान्याबाहेरचा कामगार आणि आपली एकजूट
(सावली येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



सावलीचे नाव कामगार चळवळीच्या इतिहासात सहसा येत नाही. भोंग्यावर चालणारे हे गाव नव्हे. तरीही मजुरीचा प्रश्न येथे नवा नाही. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन याच सावलीत भरले होते. त्याच्या आदल्या वर्षी चरखा संघाने सूत कातणाऱ्यांना निर्वाहापुरती मजुरी देण्याचे धोरण स्वीकारले होते. घरी बसून कातणाऱ्या बाईला ना हजेरीपट होता, ना कारखान्याचे फाटक. तरी तिच्या श्रमाला किमान दर असलाच पाहिजे, हे तत्त्व १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या तेरा वर्षे आधी मान्य झाले. आज प्रश्न तोच आहे. ज्याला फाटक नाही, त्याला आपण कामगार मानतो की नाही?

या भागात उन्हाळ्यात माणसे पहाटे जंगलात शिरतात, तेंदूची पाने तोडतात, ७० पानांचे पुडके बांधतात आणि फळीवर मोजून देतात. मे २०२५ मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात पाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. अशा मृत्यूनंतर शासन भरपाई देते; पण ती वन्यप्राण्याने मारलेल्या माणसाची भरपाई असते, कामावर मेलेल्या कामगाराची नव्हे. खाणीत दरड कोसळली तर जबाबदार कोण, हे कायदा विचारतो. जंगलात मेलेल्या बाईच्या बाबतीत तो प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिचा मालक कोण हे कोठेही लिहिलेले नाही.

१९६९ च्या कायद्याने तेंदूचा व्यापार राज्याच्या नियमनाखाली आला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली आणि त्यात तेंदू व बांबू स्पष्टपणे घातले. ही मोठी लढाई होती व ती जिंकली गेली. परंतु तोडणाऱ्याला मालक म्हटल्याबरोबर, कामगार म्हणून त्याला काय मिळावयाचे, हा प्रश्न बाजूला पडला.

आणि दिल्लीचे निर्णय या झाडाखालीही पोहोचतातच. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला व तेंदूपानावर १८ टक्के कर बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आणला गेला. मधली आठ वर्षे बोली लावणारा व्यापारी हा कर मनात धरूनच बोली लावीत होता, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. हेच पान पुढे बिडी वळणाऱ्या बाईच्या सुपात पडते. तिच्या औषधोपचारासाठी, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी, घरासाठी १९७६ च्या कायद्याने बिडीवर उपकर बसविला होता. तोही २०१७ मध्ये रद्द झाला आणि हक्काचा निधी अंदाजपत्रकाच्या मर्जीवर गेला. कर बसला तेव्हा तोडणारी एकटी होती. उपकर गेला तेव्हा वळणारी एकटी होती.

संघटित कामगार म्हणेल, आमचा करार व्यवस्थापनाशी. राजकारणाशी आम्हांला काय कर्तव्य? त्याने १९७५ आठवावे. आणीबाणीत एका वटहुकमाने किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला. १९७७ मध्ये जनतेने सत्ता बदलली आणि ८.३३ टक्के परत मिळाले. पगाराच्या पाकिटात हात घालणारे राजकारणच होते आणि तो हात मागे घ्यावयास लावणारेही राजकारणच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्या. पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागे. आता ती मर्यादा ३०० आहे. संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस प्रत्येक आस्थापनेत सक्तीची झाली. वाटाघाटीचा एकमेव अधिकार ५१ टक्के सभासद असलेल्या संघटनेला आहे. तसे कोणी नसेल, तर किमान २० टक्के सभासद असलेल्यांची परिषद बोलणी करील. म्हणजे आपसांत फुटलेल्या लहान संघटनांना टेबलाजवळ खुर्चीही मिळणार नाही. किमान वेतन आता सर्वांना, असे सरकार सांगते. खरे आहे, पण वेतन मागण्यासाठी आधी मालक दाखवावा लागतो, आणि पान तोडणारी नेमके तेच दाखवू शकत नाही.

जुलै २०२० मध्ये खाजगी कोळसा उत्खननाविरुद्ध सर्व केंद्रीय संघटना, झेंड्यांचे रंग विसरून, तीन दिवस एकत्र संपावर गेल्या. ती एकजूट खाणीच्या तोंडाशी थांबता कामा नये. या जिल्ह्यातील कोळसा, कागद आणि वीज कामगारांच्या संघटनांनी येत्या हंगामाआधी गावोगाव पान तोडणाऱ्यांची नोंदणी करावी. प्रत्येक फळीवर पुडक्याचा दर पाटीवर लिहिला जावा, आणि जंगलातील मृत्यू हा कामावरील मृत्यू मानला जावा, या दोन मागण्या त्यांनी आपल्या मागणीपत्रात घालाव्यात.

हा उपकार नव्हे. ज्या संहितेने बाहेरच्याला मालकाविना सोडले, तीच आतल्याला कंत्राटी करून बाहेर काढू शकते. फाटकाच्या आतला आणि बाहेरचा यांतील अंतर आता एका नोटिशीइतकेच उरले आहे. ती नोटीस येण्यापूर्वी हात जोडले गेले पाहिजेत.