घोडामैदान दूर आहे

समुद्रपर्यटन म्हणजे घर, कचेरी आणि वर्तमानपत्र या तिहींपासून कांहीं दिवसांची सुटका, अशी पूर्वीं समजूत असे. बोटीनें धक्का सोडला कीं किनाऱ्यावरील जगाचा आवाज मागें पडे, आणि पुढचें बंदर येईपर्यंत प्रवाशाला तिकडची वार्ता लागत नसे. आज ती स्थिति उरलेली नाहीं. ज्याला घोड्यांच्या शर्यतींचा नाद आहे, तो गृहस्थ भूमध्य समुद्रांत असो कीं कॅरिबियन बेटांच्या आसपास असो, एप्समची डर्बी, मेलबोर्नचा कप किंवा महालक्ष्मीची शर्यत त्याच्या हातांतील यंत्रावर त्याच्या मागोमाग येते. शर्यत मागोमाग येते हें खरें. परंतु तिच्याबरोबर तिचें ज्ञानहि येतें काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आणि पैसा लावावयाचा असेल, तर तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

दूरच्या शर्यतीचा निकाल कळावा ही भूक फार जुनी. मुंबईंत पूर्वीं भायखळ्याच्या मैदानावर घोडे धांवत. 1883 सालीं महालक्ष्मीचें मैदान तयार झालें. इंग्लंडांतील डर्बी तर 1780 सालापासून चालत आलेली. 1865 सालीं इराणी आखाताच्या मार्गानें हिंदुस्थान इंग्लंडशीं तारेनें जोडला जाईपर्यंत डर्बीचा निकाल मुंबईस टपालाच्या बोटीनेंच येई, म्हणजे शर्यत संपून कित्येक दिवस लोटल्यावर. तारेनें किनाऱ्यावरच्या माणसाची अडचण दूर केली. बोटीवरचा माणूस मात्र होता तेथेंच राहिला.

त्याची अडचण बिनतारी संदेशानें दूर केली, आणि योगायोग असा कीं त्या विद्येच्या बाल्यावस्थेंतील एक मोठें काम शर्यतीचेंच होतें. 1898 सालच्या जुलैंत डब्लिनजवळ किंग्जटाउन येथें झालेल्या नौकांच्या शर्यतींचें वृत्त मार्कोनीनें एका लहान वाफेच्या बोटीवरून किनाऱ्यास कळविलें, व तें वर्तमानपत्रांत छापून आलें. पुढच्याच वर्षीं नोव्हेंबरांत सेंट पॉल नांवाच्या आगबोटीवर, इंग्लंडचा किनारा जवळ येत असतां, बिनतारी यंत्रानें मिळालेल्या बातम्या बोटीवरच छापून प्रवाशांना विकण्यांत आल्या. या नव्या विद्येला जुगाराची वाट सांपडण्यास फार काळ लागला नाहीं. 1905 सालीं शिकागो शहराकडून 'सिटी ऑफ ट्रॅव्हर्स' नांवाची आगबोट मिशिगन सरोवरांत जाऊं लागली. तिच्यावरील उतारू हवा खाण्यास जात नसत. पोलिसांचा हात पोंचणार नाहीं इतकी ती दूर गेली कीं निरनिराळ्या मैदानांवरील शर्यतींच्या बातम्या बिनतारी यंत्रानें तिच्यावर येत, आणि त्यांवर पैजा लागत. सरकारनें लवकरच तो धंदा मोडून काढला. पण बोट, शर्यत आणि पैज यांची सांगड त्या वेळीं बसली ती बसलीच.

मोठ्या प्रवासी बोटींवर याच्या जोडीला दोन निरुपद्रवी खेळहि रूढ होते. एका दुपारच्या बारापासून दुसऱ्या दुपारच्या बारापर्यंत बोट किती सागरी मैल चालली, या आंकड्यावर प्रवासी पैसे लावीत, हा एक. दुसऱ्यांत डेकवर लांब कापडी पट्टा अंथरून त्यावर घरें आंखीत आणि लांकडी घोडे उभे करीत. फांशाचें दान पडेल तितकीं घरें घोडा पुढें सरके. थोडी तिकिटें, पुष्कळ आरडाओरडा, आणि जमलेल्या पैशांतील कांहीं भाग खलाशांच्या निराधार कुटुंबांना, असा हा मामला असे. या खेळाची थोरवी ही कीं त्यांत कोणी जाणकार नव्हता. लांकडी घोड्याची वंशावळ विचारण्याचें कारण नव्हतें. सर्व कांहीं दैवाच्या हातीं आहे हें लावणाराला ठाऊक असे, आणि म्हणूनच तो लावी तेंहि बेतानें.

खऱ्या घोड्याची गोष्ट निराळी. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें 1996 सालीं तामिळनाडूंतून आलेल्या एका खटल्यांत असा निर्णय दिला कीं घोड्यांची शर्यत हा केवळ दैवाचा खेळ नव्हे. तींत कौशल्याचा अंश प्रधान आहे. घोड्याची पूर्वीची कामगिरी, त्याच्या पाठीवरचें वजन, शर्यतीचें अंतर, जॉकीची हातोटी, मैदान कोरडें आहे कीं भिजलेलें, या सर्वांचा मेळ घालून अभ्यासू माणूस अंदाज बांधतो. पावसाची एक जोराची सर हे सारे अंदाज कसे फिरविते, हें पुण्याच्या पावसाळी हंगामांतील शौकिनांस सांगावयास नको. शर्यतीपूर्वीं घोडे पॅडॉकमध्यें फिरवितात, तेव्हां कोणता घोडा शांत आहे, कोणाच्या मानेला घाम फुटला आहे, कोण पाऊल आंखडून टाकीत आहे, हें ज्याच्या डोळ्यांना दिसतें त्याचा अंदाज इतरांहून सरस ठरण्याचा संभव असतो. परीक्षेची वेळ आली म्हणजे मराठी माणूस 'घोडामैदान जवळ आहे' असें म्हणतो. शर्यतीच्या बाबतींत ही म्हण अक्षरशः खरी आहे. ज्याला मैदान जवळ, त्यालाच परीक्षा करतां येते.

घरीं बसून खेळणाराला तरी पॅडॉक कोठें दिसतो, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो अगदींच खोटा नाहीं. परंतु घरच्या माणसाजवळ अखंड लक्ष असतें. सकाळीं त्यानें घोड्यांची यादी वाचलेली असते. दुपारीं एखादा घोडा मागें घेतला किंवा जॉकी बदलला, तर तें त्याला वेळेवर कळतें. बोटीवरचा माणूस सकाळीं बंदरांत उतरतो, दिवसभर जुने किल्ले नि देवळें पाहतो, संध्याकाळीं दमून परत येतो, आणि शर्यतीला दहा मिनिटें उरलीं असतां घाईघाईनें यादी उघडतो. त्याच्यापाशीं माहिती असते, पण ती शिळी असते.

त्यांत घड्याळाची भर पडते. बोट पूर्वेस वा पश्चिमेस जाईल तसे तिचे कांटे पुढें-मागें करावे लागतात. मेलबोर्नचा कप 1861 सालीं सुरू झाला. 3,200 मीटरांची ती शर्यत नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारीं, तेथल्या दुपारीं तीन वाजतां सुटते. त्या क्षणीं मुंबईंत सकाळचे साडेनऊ, इटलीच्या किनाऱ्यावर पहांटेचे पांच, आणि पूर्व कॅरिबियन बेटांत सोमवार व मंगळवार यांमधली ऐन मध्यरात्र असते. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगतच्या बोटीवर जी शर्यत जेवणानंतरचा सोहळा ठरते, तीच कॅरिबियनमधील बोटीवर जागरण होऊन बसते. मध्यरात्रीं, मेजवानीनंतर, अर्धवट झोंपेंत घेतलेल्या निर्णयाला कौशल्य म्हणावयाचें, तर त्या शब्दाचा अर्थ पुष्कळच सैल करावा लागेल.

संदेश कसा येतो हेंहि पाहण्यासारखें आहे. विषुववृत्तावर सुमारें 36,000 किलोमीटर उंचीवर जे उपग्रह एका जागीं स्थिर भासतात, त्यांपर्यंत जाऊन खालीं येण्यास संदेशाला सुमारें पाव सेकंद लागतो. अलीकडे कांहींशें किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह पुष्कळ संख्येनें सोडले गेले, व 2022 पासून मोठ्या पर्यटन-बोटी त्यांचा उपयोग करूं लागल्यामुळें हा विलंब बराच घटला. तथापि चित्र टिपून पाठविणें व दुसऱ्या टोंकाला पुन्हां उलगडणें या खटाटोपांत कांहीं सेकंद जातातच. आणि शेंकडों प्रवासी एकाच वेळीं तो मार्ग वापरूं लागले म्हणजे चित्र मध्येंच थबकतें. शर्यतीचा घोडा सेकंदाला सोळा-सतरा मीटर धांवतो. बोटीवरचा माणूस 'सुटले' म्हणून टाळी देतो, तेव्हां मैदानावरचे घोडे बरेच पुढें गेलेले असतात. नुसतें पाहावयाचें असेल तर यांत कांहीं बिघडत नाहीं. पण शेवटच्या घटकेचा भाव पाहून पैज लावूं म्हणणाराच्या वांट्याला वरातीमागून घोडें येतें.

आतां हिशेबाकडे पाहूं गेल्यास, टोट नांवाची जी पद्धत जगभर चालते ती एकोणिसाव्या शतकांत पॅरिसमध्यें जोसेफ ओलेर यानें काढली. आणि 1913 सालीं न्यूझीलंडमधील ऑकलंड येथें जॉर्ज ज्युलियस यानें रचलेलें, तिचा हिशेब आपोआप करणारें यंत्र प्रथम बसलें. या पद्धतींत लोकांनीं लावलेली सर्व रक्कम एकत्र होते, तींतून ठराविक भाग वजा होतो, आणि उरलेली रक्कम जिंकणारांत वांटली जाते. ही वजावट ठिकठिकाणीं कमी-अधिक असते. सोयीसाठीं ती शंभरांत वीस धरली, तर ज्याचें ज्ञान इतरांहून अधिक नाहीं, त्याला सरासरीनें शंभराचे ऐंशी परत मिळतात. ते ऐंशी दुसऱ्या दिवशीं लावले कीं चौसष्ट, तिसऱ्या दिवशीं एकावन्न, आणि सात दिवसांची सफर संपतांना शंभरांपैकीं एकवीस रुपये शिल्लक. ही खोट भरून काढण्याचें साधन एकच, तें म्हणजे इतरांपेक्षां अधिक जाणणें. समुद्रावर नेमकें तेंच साधन हातचें जातें. मग खरा घोडाहि लांकडी घोडाच होतो. फरक इतकाच कीं लांकडी घोड्याच्या पैशांतून निराधारांना कांहीं मिळे.

कायद्याचाहि एक पदर आहे. देशाची सागरी हद्द सामान्यतः 12 सागरी मैल, म्हणजे सुमारें 22 किलोमीटर असते. तिच्या पलीकडे बोटीवर मुख्यतः तिच्या ध्वजाच्या देशाचा कायदा चालतो. पुष्कळ बोटींवरील जुगारखाना बंदरांत बंद राहून भर समुद्रांत उघडतो, तो यामुळेंच. परंतु किनाऱ्यावरील पेढीकडे यंत्राद्वारें लावलेली पैज या सवलतींत बसतेच असें नाहीं. त्या पेढीचा परवाना ठराविक प्रदेशापुरता असतो, आणि ग्राहक त्या प्रदेशाबाहेर दिसला तर ती व्यवहार रोखूं शकते. शिवाय बोटीवर रोकड फारशी हाताळावी लागत नाहीं. खर्च खोलीच्या खात्यावर चढत जातो, आणि त्याचा आंकडा पुष्कळदां अखेरच्या सकाळीं डोळ्यांसमोर येतो. जो पैसा हातांतून जातांना दिसत नाहीं, तो गेल्याचें दुःखहि उशिरां होतें.

याहून मोठी किंमत पैशांत मोजतां येत नाहीं. एखाद्या कुटुंबानें वर्षभर सांठवून आठ दिवसांची सफर ठरविलेली असते. सूर्य बुडतांना पत्नी कठड्यापाशीं उभी राहून हांक मारते, मुलें एखाद्या बेटाचें नांव विचारतात, आणि गृहस्थ मात्र भिंतीकडे पाठ लावून हातांतील यंत्राकडे टक लावून बसलेला असतो. हरला तर जेवणाच्या टेबलावर त्याचें मौन. जिंकला तर पुढच्या शर्यतीची घाई. त्याच्या अंगावर समुद्राचा वारा असतो, पण मनानें तो बुकीच्या दारांतच उभा असतो. हरलेली रक्कम पुढेंमागें भरून निघेल. मुलांनीं विचारलेल्या त्या बेटाजवळून बोट पुन्हां जाईलच असें नाहीं.

म्हणून सफरीवर शर्यतीचें नांवच काढूं नये, असें मात्र मुळींच नाहीं. पाहणें आणि लावणें या दोन गोष्टी आहेत, आणि समुद्र त्या दोहोंना चांगल्या रीतीनें वेगळें करतो. डर्बीच्या दिवशीं टेबलाभोंवतीं बसलेल्या मंडळींनीं प्रत्येकीं दहा रुपये काढावे, घोड्यांच्या नांवांच्या चिठ्ठ्या टोपींत टाकाव्या, आणि ज्याच्या चिठ्ठींतला घोडा पहिला येईल त्यानें सारी रक्कम घ्यावी. येथें वजावट नाहीं, जाणकाराचा आव नाहीं, आणि आजीबाईंचा घोडाहि नातवाच्या घोड्याइतकाच मोलाचा ठरतो. ज्याला आपल्या अभ्यासाची खात्रीच आहे त्यानें निघण्यापूर्वीं, मन स्वस्थ असतां, गमावली तरी चालेल अशी रक्कम ठरवून तो विषय किनाऱ्यावरच संपवावा. मात्र फार आधीं लावलेल्या पैजेंत घोडा धांवलाच नाहीं तरी पैसे बहुधा परत मिळत नाहींत, हें ध्यानांत ठेवावें. एवढें केल्यावर बोटीवर त्याला उरतें तें शर्यतीचें निखळ सुख : घोड्यांची दौड, जॉकींचे रंग, आणि शेवटच्या फर्लांगांतील श्वास रोखून धरणें. घोडामैदान दूर असतां त्यानें प्रेक्षक व्हावें. परीक्षक होण्यासाठीं किनारा कांहीं दिवसांत येणारच असतो.