पंचनामा त्यांचा, निकालही त्यांचाच
(नरपड, तालुका डहाणू येथील मेळाव्यातील भाषण)



आपण कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखातली माणसे. इथे समुद्रकाठी चिकूच्या वाड्या पाहून कुणाला वाटेल, यांचे आणि आपले दुखणे एक कसे? पण तहसील कचेरीचा व्हरांडा सगळीकडे सारखाच असतो.

शेतकरी विहीर खणतो. निघालेला मुरूम पाणंदीवर टाकतो. तलाठी पंचनामा करतो आणि तहसील कचेरीची नोटीस येते : विनापरवाना गौण खनिज काढले. जमीन महसूल संहितेच्या कलम 48 प्रमाणे बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होऊ शकतो. किती ब्रास मुरूम निघाला हे ठरवणार कचेरी, भाव ठरवणार कचेरी, आणि "माझे चुकले नाही" हे सांगायचे कुणापुढे? त्याच कचेरीपुढे! वर वसुलीचे उद्दिष्टही त्याच साहेबांच्या डोक्यावर. ज्याला वसुली दाखवायची आहे त्याच्याच हातात तराजू दिला तर माप कसे पडेल, हे बाजारात कापूस घालणाऱ्याला समजावून सांगायला नको.

यापेक्षा वेगळे काही होऊ शकते का? याच तालुक्यात झाले आहे. 1991 साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. नियम मोडले तर दाद कुणाकडे मागायची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑक्टोबर 1996 मध्ये न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण नेमायला सांगितले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. औष्णिक वीज केंद्राने धुरातला गंधक काढणारे यंत्र बसवावे, असा आदेश या प्राधिकरणाने दिला. कंपनी मोठी होती, वर्षे गेली, पण 2007 साली यंत्र बसले.

याच प्राधिकरणाने 1998 साली वाढवण बंदराला नकार दिला आणि 2023 साली अटी घालून परवानगी दिली. या किनाऱ्यावरच्या पुष्कळ मच्छीमारांना तो निकाल मान्य नाही. म्हणजे स्वतंत्र माणूस बसवला की निकाल आपल्याच बाजूने लागतो, असे नाही. आपण मेहेरबानी मागत नाही. ज्याने आरोप केला त्याने न्याय करू नये, एवढेच मागतो.

अमेरिकेत शिकागो शहराने 1997 च्या सुमारास हेच केले. महापालिकेची खाती नोटिसा देतात, सुनावणी मात्र वेगळ्या खात्यातले अधिकारी घेतात, आणि तो निकाल मान्य नसेल तर कोर्टात जाता येते. शहरवाल्यांना हे मिळू शकते, तर शेतकऱ्याला का नाही?

आपल्या मागण्या चार :

1. नोटिशीसोबत पंचनाम्याची आणि दंडाच्या हिशेबाची नक्कल मिळाली पाहिजे. उत्तराला पुरेसे दिवस मिळाले पाहिजेत.

2. पंचनामा करणाऱ्या कचेरीने निकाल देऊ नये. त्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर वसुलीचे उद्दिष्ट नसावे.

3. तारीख दिली तर सुनावणी झाली पाहिजे. साहेब दौऱ्यावर जाणार असतील तर आदल्या दिवशी कळवा. वेचणीची मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे भरून आलेल्या माणसाला "पुढची तारीख" सांगणे हाही दंडच आहे, आणि तो कोणत्याही कलमात लिहिलेला नाही.

4. निकालात कारणे हवीत. असे निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने कारणे दिली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 सालीच सांगितले आहे. अपील कुठे आणि किती दिवसांत, हे निकालाखालीच छापा.

सरकार हे करेल तेव्हा करेल. तोवर आपण काय करायचे? नोटीस आली की कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. उत्तर लेखी द्यायचे आणि पोच घ्यायची. निकालाची नक्कल मागायची. ती हातात पडल्यापासून तहसीलदाराच्या आदेशावर अपिलाला साठ दिवस असतात, ते वाया घालवायचे नाहीत. आणि तारखेला एकट्याने जायचे नाही. गावातले चार जण मागे उभे असले की कचेरीतली भाषा बदलते.

चूक असेल तर दंड भरू. पण आधी आमचे ऐका.