हातांचें देणें

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त शाळेच्या सभागृहांत भरविलेल्या हस्तकौशल्याच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगीं प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



या प्रदर्शनाचें दार उघडण्याचा मान महोत्सव समितीनें आम्हांस दिला, याबद्दल आम्ही तिचे आभारी आहों. दार उघडण्यापूर्वीं दोन शब्द बोलावेत अशीही समितीची आज्ञा आहे. धर्मगुरूचे दोन शब्द किती लांबतात हें तुम्हांस अनुभवानें ठाऊक आहेच; तरी आज आम्ही आटोपतें घेण्याचा प्रयत्न करूं, कारण आंत मांडलेल्या वस्तू आमच्याहून चांगलें बोलतात.

काल सायंकाळीं मांडणी चालली असतां आम्हीं एक फेरी मारली. शिंदीच्या पानांच्या चटया, बांबूच्या टोपल्या, झावळ्यांच्या रविवारासाठीं विणलेले क्रूस, पतंगी कागदाच्या चांदण्या, केळीच्या सोपांत बांधलेलीं सुकेळीं, आणि भिंतीवर टांगलेल्या गोधड्या. एका गोधडीपाशीं आम्ही थबकलों. तिचा धावदोरा कडेनें निघून प्रत्येक कोपऱ्यावर वळत वळत थेट मध्यापर्यंत गेला होता, आणि कोठेंही तुटलेला दिसत नव्हता. ती शिवणाऱ्या आजी जवळच बसल्या होत्या. आम्हीं विचारिलें, “आजी, हा नमुना कोठून घेतला?”

आजी हंसल्या. म्हणाल्या, “नमुना कसला, फादर? वाडींत पाणी कसें फिरवतात तें तुम्हीं पाहिलें नाहीं काय? कडेनें पाट काढायचा, कोपऱ्यावर वळवायचा, आणि हळूहळू मधल्या केळीपर्यंत न्यायचा. दोरा तसाच नेला.”

हें उत्तर ऐकून आम्ही गप्प झालों. कला ही निसर्गाच्या कार्यपद्धतीचें अनुकरण करिते, असें संत थॉमस अक्वायनस यांनीं म्हटलें आहे. सेमिनरींत असतां तें आम्हीं परीक्षेसाठीं पाठ केलें होतें. परंतु निसर्गाच्या बाह्य रूपाची नक्कल करणें निराळें, आणि निसर्ग ज्या रीतीनें काम करितो त्या रीतीनें काम करणें निराळें, हा भेद आमच्या ध्यानांत नीट उतरला नव्हता. आजींनीं गोधडीवर केळीचें चित्र काढलेलें नाहीं. पाणी जसें जातें तसा दोरा नेला आहे. तत्त्वज्ञानाचा तो धडा काल आम्हांस गोधडीपाशीं समजला.

बंधुभगिनींनो, स्फूर्ति ही कोठून तरी दूरून येते, ती थोरामोठ्या कलावंतांसच लाभते, आपल्यासारख्यांच्या घरीं ती कशास येईल, अशी आपली समजूत असते. पवित्र शास्त्र निराळें सांगतें. निर्गमाच्या पुस्तकांत परमेश्वरानें बसालेल नांवाच्या एका माणसास आपल्या आत्म्यानें भरून टाकिलें, असें वचन आहे. हा बसालेल राजा नव्हता, संदेष्टाही नव्हता. तो सोनें, रुपें व पितळ घडविणारा, रत्नांस पैलू पाडणारा, लांकूड कोरणारा कारागीर होता. देवाच्या आत्म्यानें त्याला दिलें तें हातांचें कौशल्य. प्रेषितांच्या कृत्यांत यापो नगरांतील टबीथेची हकीकत आहे. ती मरण पावली तेव्हां गांवच्या विधवा पेत्राभोंवतीं जमल्या, आणि तिनें आपल्या हातांनीं शिवून दिलेले कपडे रडत रडत त्याला दाखवूं लागल्या. तिच्या पुण्याचा पुरावा म्हणून त्यांच्यापाशीं तेवढेंच होतें, आणि तें पुरेसें झालें. आणि आपला प्रभु? दुसऱ्या शतकांतील संत जस्टिन यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, सुतारकाम करीत असतां येशूनें नांगर आणि जूं घडविलीं. राजवाड्यांचे दरवाजे नव्हेत. शेतकऱ्याच्या नित्याच्या उपयोगाच्या वस्तू.

आपल्याच प्रदेशाकडे पाहा. इंग्लंडमध्यें जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स गोव्यांत आले आणि येथल्या लोकांची भाषा शिकले. ख्रिस्ताची कथा मराठींत सांगावयाची ठरविली तेव्हां त्यांनीं लॅटिन वृत्त आणिलें नाहीं. घरोघरीं पहांटे जात्यापाशीं जिचे सूर उमटत ती ओवी त्यांनीं उचलली, आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रचिलें. १६१६ सालीं तें राचोल येथें छापलें गेलें.

आपल्याच जिल्ह्यांतील वारली बंधुभगिनींचें उदाहरण घ्या. तांदुळाचें पीठ, पाणी, आणि टोंक ठेंचलेली बांबूची काडी एवढ्या सामग्रीवर त्यांच्या स्त्रिया लग्नघराच्या भिंती लिहीत आल्या आहेत. पेरणी, मासेमारी, ताडावर चढणारा माणूस, तारपा वाजविणाऱ्याभोंवतीं फिरणारा नाच, हेच त्यांचे विषय. डहाणू तालुक्यांतील जिव्या सोमा म्हसे यांनीं १९७० नंतरच्या काळांत तीच चित्रें कागदावर आणिलीं, आणि जगानें त्यांचा गौरव केला. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते निवर्तले. त्यांनीं जें रंगविलें तें त्यांच्या अंगणांतच होतें.

गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनीं (१९०२–१९६७) पवित्र मरियेस साडी नेसविली आणि तिला आपल्या देशांतील मातेचें रूप दिलें. त्यासाठीं स्वकीयांकडून त्यांस कठोर शब्द ऐकावे लागले. आयुष्याचीं पुष्कळ वर्षें त्यांनीं पुण्यास काढिलीं आणि चित्रें रंगविण्याचें सोडलें नाहीं. आज तीं चित्रें गोव्यांत पर्वरी येथील संशोधन केंद्रांत आदरानें जतन करून ठेविलीं आहेत. आपल्या घरचें रूप देवाच्या मातेस शोभणार नाहीं, असें ज्यांस वाटलें त्यांस आम्ही दोष देत नाहीं. कारण तोच दोष आमच्याही हातून घडला आहे. ती गोष्ट आम्हीं आजवर व्यासपीठावरून सांगितली नाहीं. आज सांगतों.

आम्हांस गुरुदीक्षा मिळून फार दिवस झाले नव्हते. एका धर्मग्रामांत आम्ही साहाय्यक धर्मगुरु होतों. तेथें एक वृद्ध गृहस्थ प्रतिवर्षीं चर्चमध्यें नाताळचा गोठा बांधीत. आगमनकाळाचा पहिला रविवार आला कीं ते खांद्यावर ओले बांबू घेऊन येत. कामट्या निखाऱ्यावर शेकून हळूच वांकवीत व निवेपर्यंत तशाच धरून ठेवीत, म्हणजे त्यांची कमान कायम राही. छपरावर पेंढा घालीत. पुढें तांबड्या मातींत नाचणी पेरीत, म्हणजे नाताळच्या रात्रीपर्यंत तेथें हिरवें शेत उभें राही. त्यांच्या बेथलेहेमांत एक विहीर असे, आणि विहिरीवर रहाट. त्या रहाटाचीं सुपारीएवढीं गाडगीं ते घरच्या चुलींत भाजीत. हातानें फिरविला कीं तो रहाट खरोखरच पाणी उपसून पाटांत ओती. त्यांच्या मेंढपाळांच्या खांद्यांवर कावडी असत, आणि कावडींत केळीचे घड.

आम्हांस तें गांवंढळ वाटलें. आम्हीं वर्गणी गोळा केली आणि मुंबईहून तयार गोठा आणविला. प्लास्टरचे पुतळे, थर्माकोलचे डोंगर, कापसाचा बर्फ आणि विजेचे दिवे. आजोबा नित्याप्रमाणें बांबू घेऊन आले. यंदा त्रास घेऊं नका, असें आम्हीं त्यांस सांगितलें. ते थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “तर फादर, यंदा मी काय करूं?”

“यंदा विश्रांति घ्या, आजोबा,” असें आम्हीं म्हटलें. आणि आपण मोठ्या सौजन्यानें बोललों असें आम्हांस वाटलें. त्यांनीं बांबू चर्चच्या मागल्या भिंतीशीं ठेविले आणि ते घरीं गेले.

नाताळच्या रात्रीं लोकांनीं दिव्यांचें कौतुक केलें. मिस्सा आटोपल्यावर एक लहान मुलगी गोठ्यापाशीं आली. तिनें इकडे तिकडे पाहिलें आणि विचारिलें, “फादर, रहाट कोठें आहे?” तिला काय सांगावें हें आम्हांस सुचलें नाहीं. बाळ येशूचा जन्म आपल्या वाडींत झाला, असें तें मूल दरवर्षीं पाहत आलें होतें. आम्हीं त्याला तिच्या वाडींतून उचलून बर्फांत नेऊन ठेविलें होतें.

पुढें आमची बदली झाली. कांहीं वर्षांनीं त्या बाजूस जाणें झालें तेव्हां आम्ही मुद्दाम त्या घरीं गेलों. आजोबा वारले होते. सूनबाईंनीं चहा दिला आणि त्यांचा कोयता आणून दाखविला. गाडगीं कशीं करीत, माळ कशी ओवीत, हें घरांत कोणासही ठाऊक नव्हतें. त्या एवढेंच म्हणाल्या, “नातवाला शिकवायचें त्यांच्या मनांत होतें, फादर. पण मग तें कामच राहिलें नाहीं.” त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता. राग असता तर आमचें ओझें थोडें हलकें झालें असतें.

असिसीच्या संत फ्रान्सिसनें १२२३ सालीं ग्रेच्चो गांवीं नाताळ साजरा केला तेव्हां त्यानें काय मागविलें? गव्हाण, गवत, बैल आणि गाढव. त्या डोंगराळ गांवांत जें होतें तेंच. प्रभु कसल्या गैरसोयींत जन्मला हें त्याला डोळ्यांनीं पाहावयाचें होतें. १ डिसेंबर २०१९ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं त्याच ग्रेच्चो येथें गोठ्याविषयींच्या आपल्या पत्रावर सही केली, आणि घरोघरीं गोठा बांधण्याची चाल टिकवावी, जेथें ती मागें पडली असेल तेथें पुन्हां सुरू करावी, असें श्रद्धावंतांस सुचविलें. आम्हीं तें पत्र वाचलें तेव्हां आमच्या डोळ्यांपुढें इटलींतील ग्रेच्चो आलें नाहीं. भिंतीशीं ठेविलेले ते बांबू आले.

आतां आजच्या प्रश्नाकडे वळतों. महोत्सवी वर्षाच्या नाताळसाठीं भव्य तयार गोठा आणावा, असा प्रस्ताव समितीपुढें आहे, आणि एका उदार दात्यानें त्यासाठीं रक्कमही देऊं केली आहे. दात्याचा हेतु उत्तम आहे. आम्ही त्याचे ऋणी आहों. यंत्रानें केलेली वस्तु त्याज्य, असें आम्ही म्हणत नाहीं. हातानें केलेली प्रत्येक वस्तु सुंदर असते, असेंही नव्हे. आंत एक टोपली अशी आहे कीं तींत नारळ ठेविल्यास तो खालून निघून जाईल, आणि ती आम्हीं स्वतः विणलेली आहे. तरीही या प्रस्तावास आम्ही संमति देऊं शकत नाहीं, आणि कां देऊं शकत नाहीं हें तुम्हांस आतां समजलें असेल.

त्याऐवजीं आमची विनंति तीन गोष्टींची आहे. पहिली अशी कीं, यंदाचा गोठा या गांवच्या बांबूचा, पेंढ्याचा व मातीचा व्हावा, आणि तो आपल्या निरनिराळ्या पाड्यांनीं मिळून बांधावा. दुसरी, दात्यानें देऊं केलेली रक्कम त्यांच्या अनुमतीनें शिकविणाऱ्यांच्या मानधनास लावावी. ज्यांच्या हातांत बांबू, शिंदी, सुई किंवा चाक आहे, त्यांनीं दर शनिवारीं दुपारीं एक तास या सभागृहांत मुलांपाशीं बसावें. त्यांचें काम फुकट घ्यावयाचें नाहीं. कामकऱ्यास त्याची मजुरी मिळालीच पाहिजे. आणि तिसरी विनंति प्रत्येक घरास आहे. या नाताळांत एक तरी वस्तु घरांतील एका वृद्धानें आणि एका मुलानें मिळून करावी. ती वांकडी झाली तरी चालेल.

त्यासाठीं नमुने कोठून आणावे, असें कोणी विचारील. मुलांनो, हा प्रश्न तुम्ही आमच्याकडे आणूं नका. पानवेल मांडवावर कशी चढते तें पाहा. सुगरण पक्षी बावखलावरच्या झाडाला घरटें कसें टांगतो तें पाहा. जाळें दुरुस्त करणाऱ्या काकांचीं बोटें पाहा; आई भाकरी थापते तेव्हां तिचा तळहात कसा फिरतो तें पाहा. पाहून झालें कीं हात कामाला लावा. हातांस जें समजतें तें डोक्यास मागाहून समजतें. आम्हांस तर तें पन्नाशी उलटल्यावर समजूं लागलें आहे.

ज्यांनीं या धर्मग्रामाचा पाया घातला ते पूर्वज विद्वान नव्हते, धनवानही नव्हते. त्यांनीं आपल्या हातांनीं चुना मळला, दगड वाहिले, आणि हातांतील विद्या मुलांच्या हातांत ठेवून ते गेले. त्यांचा महोत्सव साजरा करणें म्हणजे ती विद्या पुढें देणें, असें आम्हांस वाटतें.

आतां पुरे. हें दार आम्ही एकटे उघडणार नाहीं. गोधडीवाल्या आजींनीं पुढें यावें, आणि पहिल्या इयत्तेंतील जें मूल सर्वांत जवळ उभें असेल त्यानें त्यांचा हात धरावा. नाझरेथच्या त्या सुताराची कृपा तुम्हां सर्वांच्या हातांवर असो.